‘नेट’ गेलेले नाही, पत्ता हरवला आहे!

सोमवारची सकाळ, साडेनऊची वेळ. तालुक्याच्या गावातील एखाद्या शंभर खाटांच्या रुग्णालयाचे दृश्य डोळ्यांसमोर आणा. केसपेपरसाठी लांबलचक रांग लागली आहे. तीन खिडक्यांपैकी दोन सुरू आहेत. तिसऱ्या खिडकीवरचा संगणक शनिवारी संध्याकाळीच दुरुस्त होऊन आला, पण त्यावर रुग्णालयाचे सॉफ्टवेअर उघडत नाही. वॉर्डातील सिस्टरांसाठी आणलेले नवे टॅब वाय-फायला जोडले गेल्याचे दाखवतात, पण रुग्णांच्या नोंदी काही दिसत नाहीत. दहा दिवसांच्या रजेवरून परतलेल्या डॉक्टरांच्या लॅपटॉपचीही तीच गत. मूत्रपिंडाच्या एका रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियमचा आकडा त्यांना तातडीने हवा आहे. तपासणी झाली आहे, आकडा तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतील संगणकात आहे, पण दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांना तो दिसत नाही. अखेर एक मावशी कागद घेऊन जिना चढतात.

‘नेट गेलंय’ असे सगळेच म्हणू लागतात. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन जातो. ‘लाइन व्यवस्थित आहे,’ असे उत्तर येते आणि ते खरे असते. वायर तुटलेली नाही, सर्व्हर जळलेला नाही. शेजारच्याच टेबलावरचा संगणक तर मजेत चालतो आहे. मग बिघडले काय?

अशा वेळी दोष बहुधा दोन सेवांपैकी एकीत सापडतो. एकीचे नाव डीएचसीपी, दुसरीचे डीएनएस. कार्यालय, कारखाना, बँक, महाविद्यालय, रुग्णालय, जिथे दहा-वीस संगणक एकमेकांना जोडलेले आहेत तिथे या दोन सेवा असतातच. घरच्या वाय-फायच्या डबीतही त्या असतात. नीट चालत असताना त्यांची आठवण कुणालाच होत नाही. बिघडल्या की मात्र सगळे काही ठीक असूनही काहीच चालत नाही.

खोली देणारा आणि नाव सांगणारा

तीर्थक्षेत्राच्या गावी भक्तनिवासात गेल्यावर काय होते? काउंटरवरचा माणूस वही पाहतो, रिकामी खोली शोधतो, किल्ली देतो आणि ‘परवा सकाळी दहापर्यंत’ असे बजावतो. डीएचसीपी हे नेमके असेच काम करते. नेटवर्कवर येणाऱ्या प्रत्येक संगणकाला, मोबाइलला, प्रिंटरला एक क्रमांक लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. १९२.१६८.१.८७ हा त्याचा नमुना. एकाच नेटवर्कवर हा पत्ता दोघांना मिळून चालत नाही. तो कुणाला द्यायचा, किती काळासाठी द्यायचा आणि परत कधी घ्यायचा, याचा हिशेब डीएचसीपी सर्व्हर ठेवतो.

डीएनएसचे काम वेगळे. आपल्या मोबाइलमध्ये शेकडो नंबर असतात, पण आपण फोन लावतो तो ‘आई’ किंवा ‘गॅसवाला’ हे नाव शोधून. संगणकाचेही तसेच आहे. माणूस नाव टाइप करतो, पण यंत्राला क्रमांक लागतो. नाव घेऊन क्रमांक सांगण्याचे काम डीएनएस करते. रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लॅब’ या नावाचा सर्व्हर असेल, तर त्याचा क्रमांक कोणता हे प्रत्येक संगणक आधी डीएनएसला विचारतो आणि मगच तिकडे वळतो.

या दोघांचे नातेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. भक्तनिवासातला माणूस किल्लीबरोबर ‘भोजनगृह डावीकडे, चौकशी समोर’ असेही सांगतो. त्याचप्रमाणे डीएचसीपी पत्त्यासोबत आणखी काही माहिती देते. बाहेर पडण्याचा दरवाजा म्हणजे गेटवे कोणता आणि नावे विचारायची तर कोणत्या डीएनएस सर्व्हरला, हे त्यातच येते. म्हणजे डीएचसीपीने चुकीची चौकशी-खिडकी दाखवली, तर डीएनएस ठणठणीत असूनही त्याच्यापर्यंत कुणी पोहोचणार नाही.

चार वाक्यांचा संवाद

नवा संगणक सुरू झाला की त्याला आपला पत्ता ठाऊक नसतो आणि सर्व्हर कुठे आहे हेही ठाऊक नसते. म्हणून तो सर्वांना ऐकू जाईल अशी हाक देतो, ‘इथे पत्ता देणारे कुणी आहे का?’ सर्व्हर म्हणतो, ‘हा पत्ता मोकळा आहे, घेणार का?’ संगणक म्हणतो, ‘हो, हाच द्या.’ सर्व्हर नोंद करतो, ‘दिला, अमुक मुदतीसाठी.’ हा सारा संवाद बहुतेक वेळा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आटोपतो.

या मुदतीला ‘लीज’ म्हणतात. निम्मी मुदत संपली की संगणक आपणहून नूतनीकरण मागतो. उत्तर आले नाही तर काही वेळाने पुन्हा मागतो. ८७.५ टक्के मुदत उलटल्यावर जो कुणी सर्व्हर ऐकेल त्याच्याकडे विनंती करतो. तरीही दाद लागली नाही तर मुदत संपताच पत्ता सोडावा लागतो. डीएचसीपीचे पहिले प्रमाणित रूप १९९३ मध्ये आले आणि आज वापरात असलेले मूळ नियम १९९७ चे आहेत. राल्फ ड्रॉम्स या अमेरिकी संगणकतज्ज्ञाचे नाव त्यांच्याशी जोडलेले आहे. त्याआधी अनेक ठिकाणी संगणकांचे पत्ते हाताने भरावे लागत. कुणाला कोणता क्रमांक दिला याची वही ठेवली जाई आणि वहीत चूक झाली की दोन संगणक एकाच पत्त्यावर भांडत बसत.

भिंतीवरचा कागद

आता सोमवारच्या कोड्याकडे परत जाऊ. छोट्या नेटवर्कमध्ये साधारणपणे २५४ पत्ते वापरता येतात. समजा, त्यातले पहिले ५४ पत्ते सर्व्हर, प्रिंटर, तपासणीची यंत्रे यांच्यासाठी राखून ठेवले आहेत. वाटायला उरले २००. रुग्णालयाचे स्वतःचे संगणक आणि टॅब मिळून ९५ पत्ते घेतात. शिल्लक १०५.

शुक्रवारी कुणीतरी चांगल्या हेतूने बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर एक कागद चिकटवला आणि त्यावर वाय-फायचा पासवर्ड लिहिला. ताटकळणाऱ्या रुग्णांची सोय झाली. त्या दिवशी ६० मोबाइल जोडले गेले, शनिवारी आणखी ६०. माणसे तासाभराने घरी गेली, पण त्यांच्या मोबाइलला दिलेले पत्ते परत आले नाहीत. कारण विंडोज सर्व्हरवर लीजची मुदत मुळात आठ दिवसांची ठरवलेली असते आणि इथे ती कुणी बदललीच नव्हती. दोन दिवसांत १२० पत्ते गेले आणि शिल्लक होते १०५. शनिवारी दुपारीच भक्तनिवास भरले. खोल्या रिकाम्या पडून, वहीत मात्र सगळ्या ‘भरलेल्या’.

काही संगणक का चालत होते, याचेही उत्तर यातच आहे. ज्यांच्याकडे आधीपासून पत्ता होता ते त्याचे नूतनीकरण करत राहिले. अडले ते नवे आणि लांबून परत आलेले. दुरुस्तीहून आलेला संगणक, नवे टॅब, दहा दिवस बंद राहिल्यामुळे मुदत संपलेला डॉक्टरांचा लॅपटॉप. ‘जुने चालू, नवे बंद’ हे लक्षण दिसले की पत्ते संपल्याची शंका सर्वात आधी घ्यावी.

उपाय दोन. पहिला लगेचचा, म्हणजे निघून गेलेल्या मोबाइलच्या नोंदी काढून पत्ते मोकळे करायचे. दुसरा कायमचा, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क करायचे, त्याला वेगळे पत्ते द्यायचे आणि मुदत एक-दोन तासांचीच ठेवायची. कचेरीतल्या संगणकांना लांब मुदत सोयीची, ये-जा करणाऱ्या मोबाइलना आखूड. वेगळ्या नेटवर्कचा दुसरा फायदा अधिक मोठा आहे. अनोळखी मोबाइल आणि अतिदक्षता विभागातील यंत्रे एकाच जाळ्यात असणे सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचेच असते.

तापाची इतर कारणे

पत्ता मिळाला नाही तर विंडोजचा संगणक स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक तात्पुरता पत्ता घेतो. तो पत्ता म्हणजे तापमापीवरचा आकडा समजावा. ताप आहे एवढे तो सांगतो, कारण शोधावे लागते.

वीज हे आपल्याकडचे एक नेहमीचे कारण. वीज जाऊन परत आली की सगळे संगणक मिनिटाभरात उठतात, सर्व्हरला मात्र उठायला पाच-दहा मिनिटे लागतात. पत्ता मागणाऱ्यांची गर्दी जमते, देणारा अजून झोपलेला असतो. असे संगणक अधूनमधून पुन्हा हाक देतात, त्यामुळे काही वेळाने बरेचसे आपोआप सुधारतात. तोपर्यंत घाबरून कुणीतरी सेटिंग बदलून ठेवलेले असते आणि खरा बिघाड तिथून सुरू होतो. सर्व्हर आणि त्याच्या शेजारचा स्विच या दोघांनाही यूपीएस असणे, हा यावरचा सर्वात स्वस्त इलाज.

दुसरे कारण तोतया काउंटरचे. लेखा विभागात वाय-फायची रेंज येत नाही म्हणून कुणी घरची जुनी राउटरची डबी आणून भिंतीतल्या सॉकेटला जोडतो. त्या डबीतही डीएचसीपी असते. नव्या संगणकाची हाक दोघांनाही ऐकू जाते आणि संगणक साधारणपणे ज्याचे उत्तर आधी येईल त्याचे ऐकतो. मग एकाच खोलीतल्या काहींना बरोबर पत्ता मिळतो, काहींना भलताच. ‘सकाळी चालत होते, दुपारी बंद पडले’ अशा गोंधळाच्या तक्रारी येतात. तपासताना पत्ता कोणत्या सर्व्हरने दिला, ते पाहावे. अनोळखी क्रमांक दिसला की ती डबी शोधून काढायची. चांगल्या दर्जाच्या स्विचमध्ये ठरावीक जागेवरूनच पत्ते वाटू देण्याची सोय असते. ती सुरू ठेवली तर तोतयाची डाळ शिजत नाही.

तिसरे कारण हाताने दिलेला पत्ता. सोनोग्राफी किंवा एक्स-रे यंत्र बसवायला आलेला तंत्रज्ञ त्याला एक पक्का क्रमांक देतो आणि निघून जातो. तो क्रमांक डीएचसीपीच्या वाटपाच्या यादीतलाच असेल, तर हा टाइमबॉम्ब ठरतो. रात्री यंत्र बंद असताना सर्व्हर तोच क्रमांक एखाद्या लॅपटॉपला देऊन टाकतो. देण्यापूर्वी ‘इथे कुणी आहे का’ असे सर्व्हरने विचारले तरी बंद यंत्र उत्तर कसे देणार? सकाळी यंत्र सुरू होते आणि दोघे एकाच पत्त्यावर उभे राहतात. प्रतिमा कधी पोहोचतात, कधी नाही. म्हणून पक्के पत्ते वाटपाच्या यादीबाहेर ठेवावेत, किंवा त्या यंत्रासाठी सर्व्हरवरच कायमचे आरक्षण करावे.

चौथे कारण नव्या इमारतीत हमखास भेटते. पत्ता मागणारी हाक राउटरच्या पलीकडे जात नाही. नवा विभाग वेगळ्या नेटवर्कवर असेल, तर त्याची हाक सर्व्हरपर्यंत पोहोचवणारा निरोप्या नेमावा लागतो. त्याला ‘रिले’ म्हणतात. तो नेमायचा राहिला की इमारतीचे उद्घाटन होते, दिवे लागतात, पण संगणकांना पत्ता मिळत नाही.

एका फाइलीतून जगाच्या वहीपर्यंत

डीएनएसची कहाणी त्याहून जुनी. १९७०च्या दशकात इंटरनेटच्या पूर्वजावर, म्हणजे अर्पानेटवर, सगळ्या संगणकांची नावे आणि क्रमांक एकाच फाइलीत असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळत असे. नवा संगणक जोडायचा तर त्यांना कळवायचे, मग सगळ्यांनी नवी फाइल उतरवून घ्यायची. संगणक वाढले तसे हे अशक्य होत गेले. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी वेगळी रचना सुचवली. एकच मोठी वही ठेवण्याऐवजी ती वाटून द्यायची आणि प्रत्येकाने आपापल्या भागाची नोंद सांभाळायची. १९८७ मध्ये त्याचे पक्के नियम प्रसिद्ध झाले. आजचे डीएनएस मुळात त्याच पायावर उभे आहे.

एखाद्या संकेतस्थळाचे नाव टाइप केले की कंपनीचा डीएनएस सर्व्हर आधी आपल्या स्मरणात पाहतो. तिथे नसेल तर सर्वात वरच्या ‘रूट’ सर्व्हरला विचारतो. अशा सर्व्हरची जगात १३ नावे आहेत, प्रत्यक्षात मात्र त्यांच्या प्रती हजाराहून अधिक ठिकाणी ठेवलेल्या आहेत. रूट सर्व्हर ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’च्या सर्व्हरकडे पाठवतो, तो पुढच्याकडे. तलाठ्याने मंडल अधिकाऱ्याकडे आणि त्याने तहसीलदाराकडे धाडावे तसा हा प्रवास, फक्त वरून खाली आणि सेकंदाच्या काही भागात होणारा. मिळालेले उत्तर काही काळ स्मरणात ठेवले जाते. किती काळ, ते नोंदीतच लिहिलेले असते. त्याला ‘टीटीएल’ म्हणतात.

दुसरा डॉक्टर नेहमी कामाचा नसतो

कार्यालयातील डीएनएसच्या तक्रारींमध्ये एक चूक वारंवार आढळते आणि ती सावधगिरीतून जन्मते. संगणकाला दोन डीएनएस सर्व्हर सांगता येतात. ‘पहिला बंद पडला तर’ म्हणून अनेक जण पहिला सर्व्हर कंपनीतला ठेवतात आणि दुसरा इंटरनेटवरचा सार्वजनिक, उदाहरणार्थ गुगलचा ८.८.८.८. हे शहाणपणाचे वाटते, पण घात इथेच होतो. संगणक दुसऱ्याकडे जातो तो पहिल्याने वेळेत उत्तर दिले नाही म्हणून. पहिला क्षणभर कामात गुंतला की प्रश्न बाहेर जातो. ‘लॅब’ हे रुग्णालयातले नाव बाहेरच्या सर्व्हरला कसे ठाऊक असणार? तो प्रामाणिकपणे सांगतो, ‘असे नाव अस्तित्वात नाही.’ संगणक ते खरे मानतो आणि पुन्हा पहिल्याकडे जात नाही. मग इंटरनेट चालते, यूट्यूब चालते, पण आतले सॉफ्टवेअर अधूनमधून दिसेनासे होते. म्हणून कार्यालयातल्या संगणकांना दोन्ही सर्व्हर आतलेच द्यावेत. बाहेरची नावे विचारण्याचे काम त्या आतल्या सर्व्हरवर सोपवावे.

दुसरी चूक घाईची. लॅबचा सर्व्हर जुन्या यंत्रावरून नव्यावर हलवला, डीएनएसमध्ये क्रमांक बदलला आणि जुने यंत्र त्याच संध्याकाळी बंद केले. नोंदीची मुदत एक दिवसाची असेल, तर ज्यांच्या स्मरणात जुना क्रमांक आहे ते एक दिवसपर्यंत बंद दारावर थापा मारत राहतील. जाणकार माणूस बदलाच्या आदल्या दिवशीच ही मुदत पाच मिनिटांवर आणतो, बदल करतो, सगळे सुरळीत झाले की पुन्हा वाढवतो.

खुद्द डीएनएस सर्व्हरचाच क्रमांक बदलायचा असेल तर आणखी सांभाळावे लागते. तो क्रमांक संगणकांना डीएचसीपीकडून मिळालेला असतो. आठ दिवसांची लीज असेल तर नवा क्रमांक काहींना चार दिवसांनी, नूतनीकरणाच्या वेळीच कळतो. जुना सर्व्हर तोवर सुरू ठेवला नाही, तर तक्रारींचा ओघ एकदम न येता ठिबकत येतो आणि कारण सापडायला आठवडा जातो.

तिसरा दोष साचलेल्या कचऱ्याचा. अनेक ठिकाणी डीएचसीपीने पत्ता दिला की डीएनएसमध्ये त्या संगणकाचे नाव आपोआप चढते. संगणक गेला, पत्ता दुसऱ्याला मिळाला, तरी जुने नाव तसेच राहते. मग एका विभागाच्या संगणकाची दुरुस्ती करायला दुरून जोडणी करावी, तर भलत्याच विभागाचा पडदा समोर येतो. जुन्या नोंदी ठरावीक काळाने पुसण्याची सोय बहुतेक सर्व्हरमध्ये असते, ती सुरू करावी लागते इतकेच.

मोठ्यांचेही पाय मातीचेच

हे दुखणे फक्त छोट्या संस्थांचे नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतात रात्री नऊनंतर व्हॉट्सअॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकाच वेळी बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. कंपनीने नंतर कारण सांगितले. नेहमीच्या देखभालीदरम्यान दिलेल्या एका आदेशामुळे कंपनीची डेटा केंद्रे जोडणारे अंतर्गत जाळे तुटले. असे घातक आदेश अडवण्यासाठी असलेल्या तपासनीस सॉफ्टवेअरमध्येच दोष होता. डेटा केंद्रांशी संपर्क तुटल्यावर कंपनीच्या डीएनएस सर्व्हरनी, ठरल्याप्रमाणे, इंटरनेटवरून स्वतःचा मार्ग मागे घेतला. ते चालू होते, पण त्यांच्यापर्यंत जाणारी वाट नव्हती. जगाच्या लेखी फेसबुक हे नावच पुसले गेले. दुरुस्तीची कंपनीची अंतर्गत साधनेही त्याच नावांवर अवलंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा केंद्रांत धाडावे लागले आणि तिथल्या कडक सुरक्षेतून आत शिरायलाही वेळ गेला.

२० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेचे अमेरिकेतील एक मोठे केंद्र अडखळले. डीएनएसच्या नोंदी आपोआप अद्ययावत करणारी दोन यंत्रणा एकमेकींच्या पायात आल्या आणि एका महत्त्वाच्या सेवेच्या नावापुढचा पत्ता कोराच राहिला. मूळ नोंद काही तासांत दुरुस्त झाली, पण तिच्यावर विसंबलेल्या इतर सेवा सावरायला दिवसाचा मोठा भाग गेला.

नाव सापडण्याने वाचवल्याचेही एक उदाहरण आहे आणि ते थेट आरोग्यसेवेतले. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या किमान ८० ट्रस्टच्या कामकाजाला फटका बसला. ठरलेल्या शस्त्रक्रिया आणि भेटी रद्द कराव्या लागल्या, काही ठिकाणी रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. हा व्हायरस काम सुरू करण्यापूर्वी एका लांबलचक, अर्थहीन नावाच्या संकेतस्थळाशी संपर्क साधू पाहत असे. संपर्क झाला तर तो थांबे. मार्कस हचिन्स या तरुण सुरक्षा संशोधकाने ते नाव नोंदवले आणि प्रसार रोखला गेला. त्यानंतर तज्ज्ञांना वेगळाच इशारा द्यावा लागला. धोकादायक समजून हे नाव आपल्या नेटवर्कमध्ये अडवू नका, अडवलेत तर व्हायरस थांबणार नाही!

निदान करावे क्रमाने

चांगला डॉक्टर रुग्ण आल्या आल्या सलाइन लावत नाही. आधी विचारतो, पाहतो, तपासतो. नेटवर्कचेही तसेच. ‘सगळे बंद करून चालू करा’ या उपायाने कधी कधी बरे वाटते, पण पुरावा पुसला जातो आणि दुखणे पुन्हा उलटते. जाणकारांचा क्रम साधारण असा असतो.

१. किती जणांना त्रास आहे? एकालाच, एका मजल्याला की सर्वांना? नव्यांना की जुन्यांना? आणि गेल्या दोन-चार दिवसांत काय बदलले? या प्रश्नांतच अर्धे निदान होते.

२. संगणकाला पत्ता मिळाला आहे का? विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ ही आज्ञा दिली की पत्ता, तो देणारा सर्व्हर, मुदत, गेटवे आणि डीएनएस एकाच ठिकाणी दिसतात. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर दोष डीएचसीपीच्या बाजूला किंवा वायरीत. पत्ता देणारा सर्व्हर अनोळखी असेल तर तोतया.

३. दारापर्यंत जाता येते का? ‘पिंग’ या आज्ञेने गेटवेला हाक मारून पाहावी.

४. क्रमांकाने पोहोचता येते, पण नावाने नाही, असे आहे का? असेल तर दोष डीएनएसचा.

५. नाव विचारल्यावर उत्तर कोण देतो आणि काय देतो? ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा दोन्ही सांगते. उत्तरच आले नाही, उत्तर जुने आले आणि ‘असे नाव नाही’ असे उत्तर आले, ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिघांचे औषध वेगळे.

‘पिंग’ला उत्तर न देण्याची शिस्त काही यंत्रांना लावलेली असते, हे ध्यानात ठेवावे. त्यामुळे एकाच तपासणीवर निदान करू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, ती लिहून ठेवावी आणि फरक पडला नाही तर पूर्ववत करावी. पाच गोष्टी एकदम बदलल्यावर सुरू झाले, तर नेमके कशाने सुरू झाले हे कधीच कळत नाही.

वही, जोडीदार आणि कागद

प्रतिबंधाचे उपायही फार खर्चिक नाहीत. डीएचसीपी आणि डीएनएस दोन्हींना एकेक जोडीदार सर्व्हर असावा आणि तो वेगळ्या यंत्रावर असावा. कोणता पत्ता कुणासाठी राखला आहे, पाहुण्यांची मुदत किती, बदल कुणी, केव्हा आणि का केला, याची वही असावी. ती छापूनही ठेवावी, कारण नेटवर्क बंद पडल्यावर नेटवर्कवरची वही उघडत नाही, हे फेसबुकच्या अभियंत्यांच्या अनुभवाने दाखवून दिले आहे. वाटायचे पत्ते ८० टक्के संपले की सूचना यावी अशी व्यवस्था करता येते. पत्ते शनिवारी दुपारी संपले आणि कळले सोमवारी सकाळी, ही वेळ मग येत नाही.

रुग्णालयांसाठी एक गोष्ट आणखी महत्त्वाची. संगणक बंद असताना गंभीर तपासणीचा आकडा डॉक्टरांपर्यंत कसा जाईल, हे आधी ठरलेले असावे. फोन कुणी करायचा, आकडा ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचा का, कागद कुणी न्यायचा, या सगळ्याचा सराव असावा. जिना चढणाऱ्या मावशी ही त्या सकाळची सर्वात भरवशाची यंत्रणा होती. ती ऐनवेळी सुचण्यापेक्षा आधीच ठरलेली बरी.

आपल्या काल्पनिक रुग्णालयात कारण सापडल्यावर पुढचे काम अर्ध्या तासाचे असते. जुन्या मोबाइलच्या नोंदी काढल्या, पत्ते मोकळे झाले, तिसरी खिडकी उघडली, टॅबवर रुग्णांच्या नोंदी दिसू लागल्या. संध्याकाळी पाहुण्यांचे वेगळे नेटवर्क झाले. भिंतीवरचा कागदही बदलला. रुग्णांची सोय काढून घेण्याची गरज नव्हती, त्या सोयीला स्वतःची जागा देण्याची होती. पुढच्या वेळी ‘नेट गेलंय’ असे कुणी म्हणाले, तर फोन फिरवण्यापूर्वी दोन साधे प्रश्न विचारून पाहावेत. पत्ता मिळाला आहे का? आणि नाव सापडते आहे का? बहुतेक वेळा उत्तर तिथेच, आपल्याच इमारतीत सापडते.